टायर दोनच दिवसांत पुन्हा तांबूस का होतात, आणि त्यांचा काळेपणा टिकवायचा कसा?

जांबोटी_मार्ग (खानापूर)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे पांढऱ्या रंगाची छोटी कार आहे. दोन वर्षांपूर्वी ती ओळखीच्या एका गृहस्थांकडून जुनी म्हणून घेतली. मी खानापूरला राहतो आणि जांबोटी भागातील एका शाळेत शिकवतो, त्यामुळे आठवड्यातील सहा दिवस गाडी त्याच रस्त्याने जाते-येते. आमच्याकडचा पाऊस आणि तांबडी माती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना जूनपासून सप्टेंबरपर्यंत चाकांची काय दशा होते हे वेगळे सांगायला नको. आता पाऊस ओसरला आहे, दसरा पंधरा दिवसांवर आला आहे, आणि खंडेनवमीला गाडीची पूजा करण्यापूर्वी चारही टायर पूर्वीसारखे काळेभोर व्हावेत अशी मनापासून इच्छा आहे.

अडचण अशी आहे की, मी ज्या ठिकाणी गाडी धुवून घेतो तेथे शेवटी टायरवर एक पातळ, तेलकट द्रव फवारतात. त्या संध्याकाळी टायर नवे वाटतात. परंतु दोन दिवसांनी ते आधीपेक्षाही अधिक तांबूस दिसू लागतात, त्यांवर धुळीचा थर चिकटतो, आणि पुढच्या चाकांच्या मागे, दारांच्या खालच्या भागावर, बोटाला चिकट लागणारे बारीक तपकिरी ठिपके उमटतात. घरी कपड्यांच्या साबणाने घासून पाहिले तेव्हा तांबडी माती निघाली, पण कोऱ्या चहाच्या डागासारखा एक रंग रबरावर राहिलाच. तो मातीचा नाही असे मला वाटते.

शेजारचे काका म्हणतात की जळके ऑइल आणि डिझेल निम्मे-निम्मे मिसळून फडक्याने लावावे, ट्रकवाले वर्षानुवर्षे तेच करतात. आमचे वडील खोबरेल तेल सुचवतात. यांपैकी काय करावे, आणि तो चहासारखा रंग नेमका कशाचा आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

हिंडलगा_वॉशिंग

गुरुजी, नमस्कार. माझे हिंडलग्याच्या बाजूला छोटे वॉशिंग सेंटर आहे आणि बारा वर्षे मी हेच काम करीत आलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या टायरवर जो फवारा मारला जातो, तो वर्णनावरून पेट्रोलियम द्रावकात मिसळलेले सिलिकॉन तेल वाटतो. ते स्वस्त पडते, मारल्याबरोबर चमकते आणि गिऱ्हाईक समाधानाने घरी जाते. परंतु टायर नीट न घासता ते मारले, तर ते रबरावर न बसता मळाच्या थरावर बसते. आणि ते मुरण्यापूर्वीच गाडी रस्त्याला लागली की चाकाच्या वेगाने उडून दारावर जाते. तुमच्या दारावरचे ठिपके म्हणजे ते तेल आणि त्याला धरून बसलेली आपली तांबडी धूळ. दर वेळी जुन्या थरावर नवा थर चढत गेल्यामुळे तुमच्या टायरवर आता तेल आणि माती यांचे एक लिंपणच तयार झाले असणार. साध्या साबणाला ते दाद देत नाही.

म्हणून आधी ते सगळे उतरवावे लागेल, आणि खरे काम तेथेच आहे. गाडी सावलीत उभी करा व प्रवासातून आल्यावर निदान तासभर चाके थंड होऊ द्या, कारण गरम रबरावर क्लीनर लगेच वाळतो आणि त्याचे पांढरे ओघळ राहतात. बाजारात टायरसाठी किंवा सर्वसाधारण स्वच्छतेसाठी मिळणारा अल्कधर्मी डिग्रीझर, म्हणजे तेलकट थर सोडवणारा क्लीनर, घ्या. बाटलीवर दिलेल्या प्रमाणात पाणी मिसळा, आणि प्रमाण दिलेले नसेल तर एक भाग क्लीनर व चार भाग पाणी यापासून सुरुवात करा. हातात रबरी मोजे घाला. रिम साफ करायला मिळणारे आम्लयुक्त क्लीनर टायरला लावू नका. अलॉय रिम असेल तर तिलाही ते जपूनच वापरावे लागतात.

एका वेळी एकच चाक घ्या. प्रथम पाण्याच्या जोरदार धारेने चिखल उडवा, विशेषतः रिम आणि टायर यांच्या सांध्यातला, कारण जांबोटी-कणकुंबीकडून आलेल्या गाड्यांच्या त्या सांध्यात जांभ्याचा बारीक रवा हमखास बसलेला असतो. नंतर क्लीनर फवारून अर्धा मिनिट थांबा आणि कडक नायलॉनच्या ब्रशने, कपडे घासायचा प्लॅस्टिकचा ब्रशही चालतो, गोलाकार घासा. तारेचा ब्रश कधीही वापरू नये. पुढच्या चाकांसाठी स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून ठेवले की ब्रश सर्व बाजूंनी फिरतो. टायरवर उठावाची अक्षरे असतात, त्यांच्या कडांमध्ये ब्रश उभा धरून घासावे लागते.

आता मुख्य खूण सांगतो. पहिल्यांदा घासताना निघणारा फेस गडद तपकिरी असतो, जणू काढाच. तो धुवून टाका आणि पुन्हा क्लीनर मारा. दुसऱ्या वेळी फेस फिकट होतो. तुमच्या टायरना तीन, कदाचित चार वेळा हे करावे लागेल. फेस पांढरा राहू लागला की टायर स्वच्छ झाला असे समजा, त्याआधी नाही. खात्रीसाठी पांढरे फडके ओले करून अंगठ्याखाली धरा आणि रबरावर जोराने ओढा. फडके तपकिरी झाले तर अजून एक फेरी बाकी आहे. असा घासलेला टायर वाळल्यावर चमकत नाही, तो पाटीसारखा मंद काळा दिसतो. पुष्कळ लोकांना तेवढाच पुरेसा वाटतो, आणि माझ्या मते ते चुकीचे नाही.

चमक हवीच असेल तर पाण्यावर आधारलेले टायर ड्रेसिंग घ्या. ते बहुधा दुधासारखे पांढरे असते आणि हाताला तेलकट लागत नाही. टायर पूर्ण कोरडा झाल्यावर, सांध्यांतले पाणीसुद्धा टिपून घेतल्यावर, स्पंजच्या तुकड्यावर चमचाभर घेऊन फक्त बाजूच्या भिंतीवर पातळ पसरावे. थेट टायरवर फवारू नये, कारण तुषार ब्रेकच्या डिस्कवर जातात आणि तेथे असला पदार्थ गेला तर ब्रेकची पकड कमी होते. रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर एक थेंबही लागता कामा नये. जमिनीलगतचा भाग राहून जातो, म्हणून गाडी अर्धे चाक पुढे घेऊन तोही पुरा करा. पंधरा मिनिटे थांबून कोरड्या फडक्याने वरचे जादा पुसून काढा. हे पुसणे लोक टाळतात, कारण आत्ताच लावलेले पुसायचे कशाला असे वाटते. पण दारावर ठिपके उडू नयेत यासाठी हाच उपाय आहे. त्यानंतर शक्य तर तासभर तरी गाडी हलवू नका.

पूजेच्या बाबतीत एक सुचवतो. हे काम खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत उरका. ओल्या ड्रेसिंगवर हळद-कुंकू पडले की ते त्यात मिसळून चिकटते आणि मग काढताना टायर पुन्हा घासावा लागतो. दरवर्षी दसऱ्यानंतर अशा चार-सहा गाड्या माझ्याकडे येतात.

अनगोळ_रसायन

वरील माहिती उत्तम आहे. मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, म्हणून त्या चहासारख्या रंगाविषयी लिहिते. तो मातीचा नाही हे गुरुजींचे निरीक्षण बरोबर आहे. तो टायरच्या पोटातून बाहेर येतो.

मुळात रबर काळे नसते. झाडाच्या चिकापासून केलेले रबर फिकट, पिवळसर पांढरे असते, आणि सुरुवातीच्या काळातील मोटारींचे टायरही फिकट रंगाचेच होते. टायर काळा होतो तो त्यात मिसळलेल्या कार्बन ब्लॅकमुळे, म्हणजे तेल अपुऱ्या हवेत जाळून मिळवलेल्या अतिसूक्ष्म काजळीमुळे. ही काजळी रबराला झिजेविरुद्ध बळकटी देते आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरण शोषून घेते. ती संपूर्ण जाडीत मिसळलेली असल्यामुळे साबणाने निघून जात नाही. म्हणून टायरचा काळेपणा आपण बाहेरून आणून लावत नाही, त्याच्यावर साचलेले दूर केले की तो दिसतो.

आता त्या तपकिरी रंगाकडे वळू. हवेतील ओझोन रबराच्या लांब साखळ्यांमधील दुहेरी बंध तोडतो आणि ताणलेल्या रबराला त्यामुळे भेगा पडतात. हे टाळण्यासाठी उत्पादक रबरात दोन प्रकारचे संरक्षक मिसळतात. एक म्हणजे मेण, जे हळूहळू पृष्ठभागावर येऊन पातळ पापुद्रा धरते. परंतु चाक फिरताना टायरची भिंत सतत दबते आणि सुटते, तेव्हा हा पापुद्रा तुटतो. म्हणून दुसरे संरक्षक लागते, ते म्हणजे ६-पीपीडीसारखी ओझोनरोधक रसायने. तीही आतून पृष्ठभागाकडे सरकत राहतात, रबराच्या आधी स्वतः ओझोनशी अभिक्रिया करतात, आणि त्या अभिक्रियेतून जे पदार्थ तयार होतात ते तपकिरी असतात. गुरुजींना दिसलेला चहाचा रंग हाच. टायर खराब झाल्याची ती खूण नाही, उलट त्याचे संरक्षण काम करीत असल्याची आहे. तो घासून काढला तरी काही आठवड्यांनी थोडा पुन्हा येणार, कारण आतला साठा वर येतच राहतो. तेव्हा दर चार दिवसांनी कडक क्लीनरने टायर घासत बसू नये. खोल स्वच्छता दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरे आणि एरवी साधा कार शाम्पू व पाणी.

जळके ऑइल आणि डिझेल यांचा विचार मात्र मनातून पूर्णपणे काढून टाकावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. पेट्रोलियमपासून मिळणारी तेले रबरात शिरतात, त्याला फुगवतात आणि आतले संरक्षक पदार्थ ओढून बाहेर काढतात. पाहायचे असेल तर जुन्या सायकल ट्यूबमधून सारखे दोन चौकोन कापा, एक झाकणभर डिझेलमध्ये बुडवून रात्रभर ठेवा आणि सकाळी दोन्ही शेजारी-शेजारी मांडा. बुडवलेला तुकडा मोठा, मऊ आणि ढिला झालेला दिसेल. मी हा प्रयोग वर्गात करून दाखवते आणि ज्या मुलांचे वडील गाडीला हे मिश्रण लावतात, ती मुले दोन्ही तुकडे घरी दाखवायला मागून नेतात. जळक्या ऑइलमध्ये याशिवाय इंजिनाच्या झिजेचे धातुकण आणि ज्वलनातून आलेली घातक संयुगे असतात. ती आपल्या हाताच्या कातडीला लागतात आणि पहिल्या पावसात विहिरी-ओढ्यांकडे जातात.

खोबरेल तेलाने इतके मोठे नुकसान होत नाही, परंतु त्याचा उपयोगही नाही. ते वाळत नाही, धूळ धरते आणि काही दिवसांनी खवट वास मारते. सिलिकॉनविषयी अनेकांच्या मनात भीती असते, तिच्याबद्दलही सांगते: टायरला लावतात ते सिलिकॉन तेल स्वतः रबर विरघळवत नाही. काळजी करावी ती त्याच्यासोबत येणाऱ्या द्रावकाची, म्हणूनच पाण्यावर आधारलेले ड्रेसिंग निवडावे हे वरचे सांगणे योग्य आहे.

आणखी एक गोष्ट, जी मला महत्त्वाची वाटते. चाके नदीवर किंवा तळ्यावर नेऊन धुऊ नयेत. २०२० साली अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातील संशोधकांनी दाखवून दिले की ६-पीपीडी आणि ओझोन यांच्या अभिक्रियेतून तयार होणारा एक पदार्थ पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांत जाऊन तेथील कोहो सॅमन जातीचे मासे मारतो. आपल्या मलप्रभेत ते मासे नाहीत, पण कणकुंबीला उगम पावणारी ही नदी तुमच्या खानापुरातून वाहते आणि तिच्या काठावर गाड्या धुताना मी अनेकदा पाहिल्या आहेत.

उद्यमबाग_पेंटर

दारावरच्या ठिपक्यांबद्दल थोडे लिहितो. कोरड्या फडक्याने ते पुसू नका, त्यातील धूळ रंगावर ओरखडे पाडते. आधी पाण्याने भिजवा, मग कार शाम्पूने मऊ फडक्याने हलकेच काढा. पुढे कधी दाराला रंग मारायची वेळ आली, तर टायरला सिलिकॉनचे पॉलिश लावत होतो हे पेंटरला अवश्य सांगा. सिलिकॉनचा अंश पत्र्यावर राहिला तर ताजा रंग त्या जागेवरून सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. मग सगळे घासून पुन्हा मारावे लागते आणि गिऱ्हाईकाला वाटते की पेंटरनेच काम बिघडवले.

निपाणी_जीपवाला

मी तीस वर्षे वडाप जीप चालवली आणि टायरला साबण-पाण्याशिवाय काही लावले नाही. माझे प्रामाणिक मत असे आहे की चमक ही गरज नाही. हवेचा दाब दर पंधरा दिवसांनी तपासणे आणि नक्षीत अडकलेले खडे काढणे यांवर तेवढाच वेळ घालवला तर टायर जास्त टिकतो. आमच्याकडे ऊस हंगामात रस्त्यावर पडलेल्या उसाचा चोथा चाकाला चिकटतो, तोही गरम पाण्याने निघतो. तरी सणाला गाडी सजवण्याच्या आड मी येणार नाही; सणाचे समाधान वेगळे असते.

जांबोटी_मार्ग (खानापूर)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. मॅडमनी सांगितलेला ट्यूबचा प्रयोग मी काल रात्री केला आणि आज सकाळी दोन्ही तुकडे शेजारच्या काकांना दाखवले. त्यांनी बराच वेळ ते बोटांत धरून ओढून पाहिले आणि जळक्या ऑइलचा डबा बाजूला ठेवून दिला. आता दोन शंका उरल्या आहेत. पत्नीची स्कूटर आहे, तिच्या टायरलाही हेच ड्रेसिंग लावले तर चालेल का? आणि ग्लिसरीन पाण्यात मिसळून लावतात असे ऐकले, ते कसे?

हिंडलगा_वॉशिंग

गुरुजी, स्कूटरला मुळीच लावू नका. दुचाकी वळणावर कलते तेव्हा टायरची कडही रस्त्याला टेकते, आणि तेथे ड्रेसिंगचा अंश असेल तर गाडी हमखास घसरते. दुचाकीचे टायर फक्त साबणाने धुवावेत. माझ्या सेंटरवर कोणी आग्रह केला तरी मी लावून देत नाही.

ग्लिसरीन रबराला अपाय करीत नाही आणि एक दिवसापुरते टायर काळे दिसतात. परंतु ते पाण्यात विरघळते, त्यामुळे परतीच्या पावसाची एक सर आली की गेले. शिवाय ते हवेतील ओल ओढून घेते आणि ओलसर राहते, म्हणून धूळ बसते. फक्त पूजेपुरते हवे असेल तर लावायला हरकत नाही. बोअरच्या पाण्याने धूत असाल तर टायर लगेच पुसून कोरडा करा, नाहीतर क्षाराचे पांढरे डाग राहतात आणि लोकांना वाटते की क्लीनर वाईट होता.

जांबोटी_मार्ग (खानापूर)

रविवारी काम केले, त्याचा वृत्तान्त लिहितो. चार चाकांना एकूण साडेतीन तास लागले. पुढच्या चाकांना चार फेऱ्या आणि मागच्यांना तीन. तिसऱ्या फेरीपर्यंत फेस खरोखरच काढ्यासारखा येत होता, आणि चौथ्या वेळी तो पांढरा राहिला तेव्हा माझी धाकटी मुलगी, जी बादली भरून आणत होती, तिनेच प्रथम ते दाखवले. दारावरचे ठिपकेही भिजवून निघाले.

परंतु मुख्य गोष्ट पुढेच आहे. पुढचा डावा टायर पुसून कोरडा करीत असताना रिमपासून दोन बोटे अंतरावर, गोलाईच्या दिशेने गेलेल्या केसासारख्या बारीक भेगा दिसल्या. नख फिरवले तर ते अडकत होते. एका ठिकाणी सुमारे करंगळीच्या पेराएवढी लांब भेग होती आणि ती अंगठ्यांनी ताणली तेव्हा आतला धाग्याचा थर दिसला. हे सर्व त्या तेलाच्या आणि मातीच्या लिंपणाखाली झाकलेले होते. भिंतीवरचे उत्पादनाचे चार आकडे आता स्वच्छ वाचता आले, ते २३१७ होते. पुढचा उजवा टायरही त्याच आकड्यांचा निघाला. मागचे दोन त्यानंतरचे आहेत.

हिंडलगा_वॉशिंग

गुरुजी, त्या आकड्यांतील पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष; म्हणजे तुमचे पुढचे टायर २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेले आहेत. नक्षी कितीही चांगली दिसत असली, तरी धागा दिसणारा टायर घेऊन जांबोटीचा रस्ता एक दिवसही करू नका. त्या भिंतीला पंक्चरवाल्याकडे दुरुस्ती नसते. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराला दाखवावेत आणि दहा वर्षांनंतर कसेही दिसत असले तरी बदलावेत, असा उत्पादकांचा सर्वसाधारण सल्ला असतो, पण तुमच्याबाबतीत तो प्रश्नच उरलेला नाही. स्टेपनीचे आकडेही आजच पाहून घ्या, कारण ती बहुधा गाडीइतकीच जुनी असते.

जांबोटी_मार्ग (खानापूर)

स्टेपनीवरही २३१७ हेच आकडे आहेत, परंतु तिला भेगा नाहीत. सोमवारी शाळेत बसने गेलो आणि संध्याकाळी बेळगावला जाऊन दोन नवे टायर बसवून घेतले. दुकानदाराच्या सांगण्यावरून नवे मागच्या चाकांना लावले आणि मागचे, जे चांगल्या स्थितीत आहेत, ते पुढे घेतले, कारण ओल्या रस्त्यावर मागची पकड सुटली तर गाडी सावरणे अधिक कठीण असते. पाण्यावर आधारलेल्या ड्रेसिंगची बाटली आणली आहे. ती अष्टमीला दुपारी फक्त पुढच्या दोन चाकांना लावीन. मागचे नवे टायर साबणाने धुतल्यावर आपोआपच काळे दिसत आहेत, त्यांना काही लावायची गरज वाटत नाही.